‘ती काय औषधं आहेत का, सर्दीची गोळी ती’ : एका पिशवीतल्या नऊ औषधांचं प्रकरण

काका दाखल झाले तेव्हा त्यांच्या केसपेपरवर चार औषधं लिहिलेली होती. दुसऱ्या दिवशी घरून पिशवी आली, तीत नऊ निघाली. या प्रकरणाचं सगळं मर्म मधल्या पाच औषधांत आहे, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते आहे. मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. रुग्ण काय काय घेतो, ते एकमेकांशी जमतं का, हे पाहणं माझं रोजचं काम. ओळख पटेल असा तपशील इथे मुद्दाम गाळला आहे.

काका ७१ वर्षांचे. स्वतःची कामं स्वतः करणारे, सकाळचं फिरणं सहसा न चुकवणारे. बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, पायांची आग होते म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, आणि प्रोस्टेट वाढल्यामुळे दीड महिन्यापूर्वी सुरू झालेलं टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम. ही झाली कागदावरची चार.

रात्री दोनच्या सुमारास दाराची कडी काढल्याचा आवाज आला म्हणून सून उठली. काका शर्ट-पँट घालून, हातात कागदपत्रांची पिशवी घेऊन दारात उभे. बँकेत जायचंय म्हणाले. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती, शब्द नीट सुटत नव्हते. साखर उतरली असेल या शंकेने तिने लगेच मशीनवर तपासली, ती १४२ निघाली. समजावून परत झोपवलं. सकाळी पायजमा ओला. त्यानंतर ते दर दहा मिनिटांनी बाथरूमला जात होते आणि दोन-चार थेंब होऊन परत येत होते. दुपारी ओटीपोट टम्म फुगलेलं दिसलं, तेव्हा मुलाने गाडी काढली.

तातडीच्या विभागात बीपी १७२/९६, नाडी १०८, जीभ कोरडी ठाक, बाहुल्या नेहमीपेक्षा मोठ्या. वार, वेळ काहीच सांगता येईना. पक्षाघात असेल का, लघवीतून जंतुसंसर्ग झाला असेल का, हे आधी पाहणं भाग होतं आणि डॉक्टरांनी ते पाहिलं. मेंदूचा सीटी स्कॅन ठीक, सोडियम ठीक, लघवीत संसर्ग नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली तपासणी, मात्र वाढून १.९ होतं. नळी घातल्यावर ९५० मिलिलिटर लघवी निघाली. साधारणपणे चारशे-पाचशे मिलिलिटरलाच माणसाला बसवत नाही.

सुनेने मला नंतर विचारलं, “मॅडम, ते तर सारखे लघवीला जात होते. मग तुंबली कशी?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि इथेच पुष्कळ घरांत उशीर होतो. मूत्राशय काठोकाठ भरलं की वरचं थोडं थोडं ओघळत राहतं. भरून वाहणाऱ्या टाकीसारखं. येणारे थेंब ही लघवी होत असल्याची खूण नसते, होत नसल्याची असते. वयस्कर माणूस वारंवार जातोय, धार नाही, ओटीपोट कडक लागतंय आणि वागण्यात अचानक फरक पडलाय, असं असेल तर सकाळची वाट पाहू नये.

दाखल करून घेताना निवासी डॉक्टरांनी विचारलं होतं, “हल्लीत काही नवीन औषध सुरू केलंय का?” मुलाने मनापासून “नाही” म्हणून सांगितलं. खोटं बोलायचं त्याला काहीच कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून वेगळ्या शब्दांत सांगितलं : बाबांच्या उशाशी, कपाटात, शर्टाच्या खिशात, फ्रिजच्या दारात जे काही सापडेल ते एका पिशवीत घालून घेऊन या. औषध वाटो न वाटो.

पिशवी मी टेबलावर रिकामी केली. ओळखीच्या चार पट्ट्या बाजूला काढल्या. उरलेल्यांत एक सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, आठ गोळ्या गेलेल्या. एक पॅरासिटामॉल ६५०, गुडघ्यासाठी. ॲसिडिटीचं पातळ औषध, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमवालं. खोकल्याच्या सिरपची चिकट बाटली, झाकणाखाली साखर जमलेली. आणि सर्दीच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या. एक पूर्ण रिकामी, दुसरीतल्या दोन गेलेल्या. दुसरी मधोमध कापलेली होती, त्यामुळे नावाचा अर्धा भागच उरला होता. मागच्या चंदेरी कागदावरची बारीक अक्षरं मला भिंगाखाली धरून वाचावी लागली : क्लोरफेनिरामाइन ४ मिलिग्रॅम, स्यूडोएफेड्रिन ६० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम.

ही पट्टी मी मुलाला दाखवली तेव्हा तो म्हणाला, “ही होय! ती काय औषधं आहेत का, सर्दीची गोळी ती.”

त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या बोलण्यात ‘औषध’ म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं, रोज घ्यायचं, फाइलमध्ये असलेलं. सर्दी, शिंका, खाज, खोकला यांच्या गोळ्या त्या शब्दात बसतच नाहीत. म्हणून ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला त्या कधीच उत्तर म्हणून येत नाहीत. प्रश्नच बदलायला हवा, आणि तो बदलणं आमचं काम आहे.

घटनाक्रम असा जुळला. महिनाभर काकांचं नाक चोंदलेलं होतं, विशेषतः रात्री आडवं झाल्यावर. दहा दिवसांपूर्वी त्यांनी जुन्या पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं, आणि शिंकांनी हैराण झाले. घरात सेटिरिझिन होतं, ते रात्री एक सुरू केलं. शिंका थांबल्या, डोळ्यांची खाज थांबली, पण नाक काही सुटेना. (सुटणारही नव्हतं. हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं ते रसायन, अडवणाऱ्या गोळ्या शिंका, खाज आणि वाहतं नाक यांवर चांगलं काम करतात. चोंदलेल्या नाकावर त्यांचा जोर कमीच चालतो.) मग नाक मोकळं करण्यासाठी सर्दीची गोळी, दिवसातून तीनदा. तिच्यामुळे दिवसा पेंग आणि रात्री डोळ्याला डोळा नाही, अशी विचित्र अवस्था झाली, कारण तिच्यातला एक घटक झोप आणतो आणि दुसरा झोप उडवतो. झोप येत नाही आणि घसा कोरडा पडून खवखवतोय म्हणून शेवटचे तीन दिवस झोपताना दोन चमचे सिरप. सिरपमध्ये डायफेनहायड्रामिन. सेटिरिझिन चालूच.

आता मोजून पाहू. शेवटच्या तीन रात्री या माणसाच्या अंगात हिस्टामिनचा रस्ता अडवणारी चार औषधं होती : सेटिरिझिन, क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामिन आणि चौथं ॲमिट्रिप्टिलिन. चौथं नाव ऐकून मुलगा चमकला. ॲमिट्रिप्टिलिन दिलं होतं पायांच्या आगीसाठी, पण ते स्वतः हिस्टामिन जोरात अडवतं. त्याने येणारी गुंगी बऱ्याच अंशी त्यातूनच येते. चार डब्यांवर चार वेगवेगळी कारणं लिहिलेली, ॲलर्जी, सर्दी, खोकला, पाय. आत मात्र चौघं एकाच कामाला लागलेले.

गुंगी ही त्यातली छोटी गोष्ट. जुन्या पिढीची ॲलर्जीची औषधं, म्हणजे क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन ही मंडळी, हिस्टामिनबरोबर ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनालाही अडवतात. ॲमिट्रिप्टिलिनही अडवतं. हे ॲसिटिलकोलिन शरीरात किती ठिकाणी राबतं ते काकांच्या अंगावरच वाचता येत होतं. तोंडात लाळ आणणं, आतडी हलती ठेवणं, बाहुली लहान करणं, स्मरण आणि भान टिकवणं, आणि लघवीच्या वेळी मूत्राशय आवळून ते रिकामं करणं. एकेक अडवलं गेलं : कोरडी जीभ, तीन दिवसांचं बद्धकोष्ठ, मोठ्या बाहुल्या, रात्री दोनची बँक, आणि ९५० मिलिलिटर.

तरुण माणसाला यातलं एखादं औषध सहज पचून जातं. वय वाढलं की यकृत आणि मूत्रपिंड सावकाश चालतात, औषध अंगात जास्त काळ रेंगाळतं, आणि मेंदूही त्याला जास्त बळी पडतो. क्लोरफेनिरामाइनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण एक दिवस लागतो. तीन वेळा घेतलं की आदल्या दिवशीचं संपायच्या आत पुढचं येऊन बसतं. त्यात डायफेनहायड्रामिन यकृतातल्या ज्या एन्झाइमला रोखतं, त्याच एन्झाइमवर ॲमिट्रिप्टिलिनची विल्हेवाट काही प्रमाणात अवलंबून असते. म्हणजे १० मिलिग्रॅम घेतलेलं ॲमिट्रिप्टिलिन त्या रात्री १० मिलिग्रॅमपेक्षा जड पडलं असण्याची शक्यता आहे. मार्क बिअर्स या वृद्धरोगतज्ज्ञांनी १९९१ मध्ये वयस्करांसाठी टाळण्याजोग्या औषधांची यादी मांडली. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी ती आजही सुधारत असते. जुन्या पिढीची ही ॲलर्जीची औषधं त्या यादीत ठळकपणे आहेत. आणि तरीही ती चिठ्ठीशिवाय हातात पडतात, कारण ती ‘साधी’ समजली जातात.

स्यूडोएफेड्रिनचं काम वेगळं. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं, म्हणून नाक मोकळं वाटतं. पण ते पोटातून रक्तात जातं आणि सगळ्या अंगात फिरतं. नाकातल्या वाहिन्या आवळून ते थांबत नाही. बीपी वाढतं, नाडी वाढते, झोप उडते. आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायूही आवळला जातो.

इथे मी थोडी थांबले होते, कारण टॅमसुलोसिन नेमकं उलट करतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाच्या मूत्राशयाचं तोंड सैल करून वाट मोकळी करणं एवढ्यासाठीच ते दिलेलं असतं. दोघांचा झगडा एकाच जागी, अल्फा रिसेप्टरवर, म्हणजे स्नायू आवळायचा निरोप जिथे पोचतो तिथे. रात्री एक गोळी कडी काढत होती, दिवसभरात तीन गोळ्या ती पुन्हा घालत होत्या. वर मूत्राशयाचा जोरही क्लोरफेनिरामाइन आणि मंडळींनी काढून घेतलेला. वाट आवळलेली आणि ढकलणारा दमलेला, तर लघवी तुंबणारच.

पॅरासिटामॉलचाही हिशेब मी केला, तो मला नेहमीच करावासा वाटतो. सर्दीच्या गोळीतून दिवसाला १५०० मिलिग्रॅम. गुडघ्यासाठी ६५० च्या तीन, म्हणजे १९५०. बेरीज ३४५०. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल ४००० मिलिग्रॅम, आणि वजन कमी, जेवण कमी किंवा यकृत अशक्त असेल तर डॉक्टर त्याच्याही खालीच थांबायला सांगतात. काका हद्दीच्या आत होते, पण ते नशिबाने. ताप आला असता तर आणखी दोन गोळ्या सहज गेल्या असत्या. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा. नाक नेमकं कधीपासून चोंदलंय, हे मी काकांना तिसऱ्या दिवशी विचारलं. तोवर भान परत आलं होतं. ते म्हणाले, “झाला असेल की महिना-सव्वा महिना. पुस्तकांच्या आधीपासूनच.” टॅमसुलोसिन सुरू होऊन दीड महिना झाला होता.

टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतं तसं नाकातल्या रक्तवाहिन्याही सैल करतं. त्या फुगल्या की नाक चोंदतं. हा त्याचा माहितीतला दुष्परिणाम आहे. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत ०.४ मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे १३ टक्के लोकांना नाकाचा त्रास झाला होता, औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. म्हणजे काकांनी एका औषधाच्या दुष्परिणामाला ॲलर्जी समजून त्यावर दुसरं औषध घेतलं, आणि त्या दुसऱ्याने पहिल्याचं काम मोडून काढलं. दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर आणखी औषध चढवत जाणं, ही साखळी आमच्या क्षेत्रात ओळखीची आहे. एसीई इनहिबिटर गटातल्या बीपीच्या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकलाही असाच ‘ॲलर्जीचा खोकला’ म्हणून महिनोन्महिने सिरपवर काढला जातो.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल करायला हवी. दीड महिन्यापूर्वी टॅमसुलोसिन काकांच्या हातात मीच दिलं होतं. उठताना चक्कर येईल, सावकाश उठा, रात्री जेवणानंतर घ्या, हे सगळं मी सांगितलं होतं. नाकाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. किरकोळ वाटलं म्हणून. आणि प्रोस्टेट असलेल्या माणसाने सर्दीच्या गोळीपासून लांब राहायचं, हेही नाही.

उपचारात थांबवण्याचाच भाग मोठा होता. सर्दीची गोळी आणि सिरप त्याच दिवशी बंद. ॲमिट्रिप्टिलिन डॉक्टरांनी बंद केलं. इतक्या छोट्या मात्रेवरून ते थांबवता आलं, मोठ्या मात्रेवर महिने गेले असतील तर ते हळूहळू उतरवावं लागतं. पायांच्या आगीसाठी पर्याय शोधताना ड्युलोक्सेटिनचा विषय निघाला, पण त्यानेही लघवीला अडखळणं आणि बीपी वाढणं होऊ शकतं, म्हणून ते तूर्त नको ठरलं. गॅबापेन्टिनची छोटी मात्रा, मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे मोजून, सुरू झाली. तिच्यासोबत गुंगी आणणारी कोणतीही ॲलर्जीची गोळी घ्यायची नाही, ही सूचना केसपेपरवर ठळक लिहिली. दोघांची गुंगी एकमेकींवर चढते आणि श्वासही मंदावू शकतो.

भ्रम पूर्ण निवळायला दोन दिवस लागले. घरचे घाबरले होते, गोळी बंद केली तरी बाबा असे का, म्हणून. क्लोरफेनिरामाइन किती सावकाश उतरतं हे सांगितल्यावर थोडे सावरले. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी १.३ वर आलं. टॅमसुलोसिन चालू ठेवून चौथ्या दिवशी नळी काढून पाहिली. दुपारी काकांनी स्वतःहून लघवी केली आणि नर्सला हाक मारून मापाचं भांडं दाखवलं. नंतर सोनोग्राफीत मूत्राशयात ६० मिलिलिटर उरलेली दिसली. ते चालण्यासारखं होतं.

नाकाचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. इथे मला सगळ्यांत आधी पटतं ते नाकातच काम करणारं औषध. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आणि स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे. तो रक्तात फारसा जात नाही, त्यामुळे बाकीच्या गोळ्यांशी त्याची गाठ क्वचितच पडते. (अपवाद महत्त्वाचा : एचआयव्हीच्या उपचारात वापरलं जाणारं रिटोनाविर चालू असेल तर फ्लुटिकासोनचा स्प्रेसुद्धा अंगात साचून स्टेरॉइडचे पूर्ण दुष्परिणाम दाखवू शकतो.) स्प्रेचा गुण यायला काही दिवस लागतात आणि तो रोज मारावा लागतो. काकांना मी तो आरशासमोर मारायला शिकवला : मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात ओढून न घेता हलकाच श्वास. पहिल्या वेळी त्यांनी मान मागे टाकून सगळं घशात उतरवलं होतं. बहुतेक लोक असंच करतात, आणि मग स्प्रेचा काही उपयोग होत नाही म्हणून सोडून देतात. नाक तात्काळ उघडणारे थेंब मात्र मी देऊ दिले नाहीत. चार-पाच दिवसांच्या पुढे वापरले तर नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं.

शिंकांचा जोर वाढला तर गोळी कोणती, यावर बरीच चर्चा झाली. सेटिरिझिन नव्या पिढीचं असलं तरी काहींना पेंग आणतं, आणि ते मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचं काम मध्यम कमी असेल तर मात्रा निम्मी करावी लागते. त्या आठवड्यात काकांचं तसं होतं आणि ते पूर्ण १० घेत होते. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ शिरत नाही, पण त्याचीही मात्रा मूत्रपिंड पाहूनच ठरते, आणि त्याचा एक वेगळाच अडसर आहे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतलं तर त्याचं शोषण सुमारे ४० टक्क्यांनी घटतं. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबरही घटतं. घ्यायचं ते साध्या पाण्याबरोबर, आणि ॲसिडिटीच्या औषधापासून दोन तास लांब. काका ते पातळ औषध वेळी-अवेळी घेत, म्हणून मी सर्वांत आधी त्याची वेळ पक्की करून घेतली. मग छोट्या मात्रेत फेक्सोफेनाडिन, तेही गरज पडली तरच, असं ठरलं.

फेक्सोफेनाडिनची जन्मकथा मी शिकाऊ फार्मासिस्टांना नेहमी सांगते. त्याच्या आधी टर्फेनाडिन होतं. गुंगी न आणणारं म्हणून जगभर खपलेलं, आणि निर्धोक समजलेलं. यकृत त्याचं रूपांतर करून टाकत असे, म्हणून सहसा काही होत नसे. पण सोबत बुरशीवरचं केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आलं की ते रूपांतर अडे, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचे आणि हृदयाचा ठोका जीवघेणा बिघडे. अशी रुग्णकथा १९९० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९९८ पर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. यकृत टर्फेनाडिनचं जे करत असे, तेच फेक्सोफेनाडिन. एकटं औषध सुरक्षित आहे का, या प्रश्नाला अर्धाच अर्थ आहे हे मी त्या गोष्टीतून शिकले.

काकांच्या जागी दुसरं कोणी असतं तर धोका दुसऱ्या दारातून आला असता. काचबिंदूतल्या अरुंद कोनाच्या प्रकारात हीच सर्दीची गोळी डोळ्याचा दाब अचानक चढवू शकते. नैराश्यासाठी किंवा पार्किन्सनसाठी एमएओ इनहिबिटर घेणाऱ्याला स्यूडोएफेड्रिनने बीपीचा स्फोट होऊ शकतो. ते औषध बंद करून १४ दिवस होईपर्यंतही घ्यायचं नाही. लिनेझोलिड या अँटिबायोटिकबरोबरही तेच. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं किंवा दारू यांच्यासोबत जुन्या पिढीची ॲलर्जीची गोळी म्हणजे गुंगीवर गुंगी. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल घेणाऱ्याला डायफेनहायड्रामिन देणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं, कारण डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन टिकवायलाच दिलेलं असतं.

आणखी एक. आता पुष्कळ सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनऐवजी फिनाइलएफ्रिन असतं. तोंडाने घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने नाक उघडत नाही, असं अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. बीपी किंवा प्रोस्टेट असलेल्या माणसाने ते निर्धोक मानावं असा याचा अर्थ नाही. गुण नाही तर थोडाही धोका कशाला पत्करायचा, एवढाच मी काढते.

तीन आठवड्यांनी काका त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीला गेले. अंगात हिस्टामिन अडवणारं काही असलं तर चाचणी खोटं ‘काही नाही’ दाखवते. सेटिरिझिनसाठी आठवडाभर आधी थांबावं लागतं. ॲमिट्रिप्टिलिननेही ती बिघडते, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. त्यांची दोन्ही बंद होऊन बरेच दिवस झाले होते आणि फेक्सोफेनाडिनची गरज पडली नव्हती, म्हणून निकाल भरवशाचा होता. घरातल्या धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी निघाली. म्हणजे पुस्तकांच्या शिंका खऱ्याच होत्या, आणि चोंदलेलं नाक त्याहून जुनं, बहुधा टॅमसुलोसिनचं. दोन वेगळे त्रास एकाच नाकात होते.

आता काका दोन महिन्यांनी तपासायला येतात. शिंका स्प्रेने आटोक्यात आहेत. पहाटे नाक थोडं जड असतं. टॅमसुलोसिन बदलून पाहायचं का, असं डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं. काका म्हणाले, “लघवी सुटतेय ना, मग नाकाचं मी बघतो.” ते औषध चालू आहे. सुनेने फ्रिजवर एक कागद लावला आहे, त्यावर सगळ्या औषधांची नावं घटकांसकट, आणि खाली वेगळ्या शाईत ‘बाबांना चालणार नाहीत’ म्हणून तीन नावं : क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामिन, स्यूडोएफेड्रिन. मागच्या खेपेस मी त्यात फिनाइलएफ्रिन आणि प्रोमेथाझिन घातलं. मुलाने मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला, दुकानात उभं असताना ताडून पाहता यावं म्हणून.

टॅमसुलोसिन देताना मी आता नाकाबद्दल आणि सर्दीच्या गोळीबद्दल सांगते. अर्धा मिनिट जास्त लागतो.